पुच्छमीमांसा
जपानी राजघराण्याच्या समारंभवेषातील उभ्या, लोंबत्या व फरफटत्या भागांचे शास्त्रोक्त विवेचन

१. व्याख्या

जपानच्या राजघराण्यावर चिक्कार लिहून झाले आहे. वंशावळी झाल्या, राजकारण झाले, युद्धातली जबाबदारी कुणाची यावर कपाटेच्या कपाटे भरली. पण या घराण्याच्या समारंभवेषाला मागून जे लोंबते, वर जे उभे राहते आणि जमिनीवरून जे फरफटते, त्याच्या वाट्याला तळटीपसुद्धा क्वचितच येते. कारण उघड आहे. राजाचे दर्शन लोक समोरून घेतात आणि हा विषय पडला पाठीमागचा. ती उणीव भरून काढण्यासाठी हा प्रपंच.

प्रथम व्याख्या. वस्त्राचा जो भाग कापून टाकला असता अंग उघडे पडत नाही, थंडी वाजत नाही, लाजही जात नाही, आणि तरीही समारंभ होऊ शकत नाही, त्यास पुच्छ म्हणावे. या व्याख्येत नेकटायसुद्धा बसतो, अशी अतिव्याप्तीची शंका एखादा नैयायिक घेईल. त्यास उत्तर असे की टाय नसला तर समारंभ होतो, फक्त सासरेबुवा नाराज होतात. शंका निरस्त झाली.

पुच्छाचे प्रकार चार: ऊर्ध्वपुच्छ, अधःपुच्छ, भूपुच्छ आणि पुच्छाभाव. नसलेल्या वस्तूला प्रकार कसे म्हणावे, असे कोणी विचारू नये. वैशेषिकांनी अभावाला पदार्थांत बसवले आहे. आम्ही त्याला फक्त शिंप्याकडे नेत आहोत.

२. ऊर्ध्वपुच्छ

२२ ऑक्टोबर २०१९. टोकियोच्या राजवाड्यातले मात्सु-नो-मा हे दालन. त्यात ताकामिकुरा, म्हणजे अष्टकोनी छत्राचे, सुमारे साडेसहा मीटर उंच सिंहासन, भोवती जांभळे पडदे. शेजारी सम्राज्ञीसाठी त्याच घाटाचे, जरा लहान मिचोदाई. दुपारी एकच्या सुमारास पडदे उघडले आणि सम्राट नारुहितो उभे दिसले. जगभरच्या वार्ताहरांनी सिंहासन पाहिले, झगा पाहिला, त्या दिवशी पाऊस सरून निघालेले इंद्रधनुष्यही पाहिले. डोक्यामागे काय उभे आहे ते फार थोड्यांनी पाहिले.

तेथे होता शेमला. सम्राटांच्या डोक्यावर असते ती कानमुरी: काळी, हलकी, रेशमी जाळीवर उरुशीचे रोगण देऊन कडक केलेली टोपी. तिच्या मागच्या अंगाला ‘एइ’ नावाची पट्टी असते. आपल्याकडे फेट्याचा वर उभा राहतो तो तुरा आणि पाठीवर रुळतो तो शेमला. जपानी दरबाराने शेमल्यालाच तुऱ्याच्या जागेवर बढती दिली. सम्राटांची एइ सरळ आभाळाकडे जाते, ती थोडीथोडकी नव्हे, जवळजवळ ६० सेंटिमीटर.

हा मान एकट्या सम्राटांचा. बाकीच्या दरबारी पुरुषांची एइ मागे खाली लोंबते. जे सेनाधिकाऱ्याच्या वेषात तलवार आणि धनुष्य घेऊन उभे असतात त्यांची तर गुंडाळी केलेली असते. चकमकीत आड येऊ नये म्हणून ती गुंडाळली असावी, हे कारण पटण्याजोगे आहे. आता या तीन अवस्थांकडे शास्त्रीय नजरेने पाहा. ज्याला लढायचे आहे त्याचे पुच्छ गुंडाळलेले, ज्याला हुकूम पाळायचा आहे त्याचे लोंबते, आणि ज्याला यांपैकी काहीच करायचे नाही त्याचे ताठ. कामाचा आणि पुच्छाच्या उंचीचा व्यस्त संबंध येथे पहिल्यांदा लक्षात येतो. यास पुच्छाचा पहिला नियम म्हणावे.

थोडे गणित. सम्राट पूर्वजांच्या मंदिरात वाकतात तेव्हा शेमलाही वाकतो. पट्टी ६० सेंटिमीटरची आणि झुकाव १५ अंशांचा धरला तर तिचे टोक सुमारे १५.५ सेंटिमीटर पुढे येते. हे पट्टीचे बूड स्थिर मानून. माणूस मानेतून न वाकता कमरेतून वाकतो, म्हणून प्रत्यक्षातला फेरफटका याहून मोठा. कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच, असे आपल्याकडे म्हणतात. जपानी दरबाराने नळीचा नाद सोडला आणि रोगण वापरले.

कडकपणाची ही आवड फार जुनी आहे. हेयान काळातल्या, म्हणजे सुमारे नवव्या ते बाराव्या शतकांतल्या, आधीच्या पोशाखांना मऊ, ढगळ चुण्या पडत. बाराव्या शतकात, तोबा सम्राटांच्या वेळी, कापड कडक करून कोपरे खुबीने काढण्याची टूम निघाली. मिनामोतो नो आरिहितो हा त्या विद्येचा मूळपुरुष मानला जातो. कपडे इतके कडक झाले की ते आपले आपण घालता येईनात आणि नेसवणाऱ्यांचे शास्त्र जन्माला आले. ते पुढे ताकाकुरा आणि यामाशिना या दोन घराण्यांत वाटले गेले. गाण्यात घराणी असतात तशी नेसवण्यातही घराणी. फरक एवढाच की इथे मैफलीभर यजमानाने हलायचे नाही.

यावर पूर्वपक्ष असा: ही सगळी हजार वर्षांची अखंड परंपरा आहे, तिची थट्टा करू नये. उत्तरपक्ष असा: परंपरा आहेच, पण अखंड नाही, तिला मध्ये चांगली शिवण आहे. सम्राटांचा तो पिवळसर तांबूस झगा, कोरोझेन-नो-गोहो, इसवी सन ८२० मध्ये सागा सम्राटांच्या हुकुमात आला हे खरे. परंतु तो नेमला होता नित्याच्या दरबारी कामांसाठी. राज्यारोहणाला सम्राट चिनी थाटाचा तांबडा झगा घालत. त्यावर सूर्य, चंद्र, ड्रॅगन अशी बारा चिन्हे, आणि डोक्यावर मण्यांच्या माळा सोडलेला मुकुट. म्हणजे त्या काळी पुच्छ तोंडावरच लोंबत होते. यास अग्रपुच्छ म्हणता येईल. १८४७ मध्ये कोमेइ सम्राट तसेच नटून सिंहासनावर बसले. १८६८ मध्ये त्यांचे चिरंजीव मेइजी सम्राट बसले तेव्हा चिनी सगळे बाजूला ठेवले गेले आणि नित्याचा झगा राज्यारोहणाचा झाला. टीव्हीवर दिसणारा तो ‘हजार वर्षांचा’ राज्याभिषेकवेष या कामावर रुजू होऊन दीडशे वर्षे झाली आहेत. झगा पुरातन, नेमणूक अलीकडची.

रंगाला पुच्छ नसते, म्हणून रंगाचा विचार थोडक्यात उरकतो. कोरोझेन हा रंग हाझे नावाच्या झाडाचे लाकूड आणि पतंगाचे लाकूड वापरून काढतात. तो सम्राटाखेरीज कोणी घालायचा नाही. युवराजाचा रंग ओनी, केशरी, गार्डेनियाची फळे आणि करडईची फुले यांपासून काढलेला. २०१९ च्या समारंभात सम्राटांचे बंधू आणि वारस अकिशिनो या रंगात उभे होते. एक माध्यान्हीचा सूर्य, एक उगवता, असा त्यांचा अर्थ लावतात. अर्थ सुंदर आहे. पुच्छशास्त्राला त्याचा उपयोग नाही.

३. अधःपुच्छ

त्याच वर्षी १ मे रोजी सकाळी साडेदहाला, त्याच मात्सु-नो-मा दालनात, तेच नारुहितो सम्राट झाल्यावर पहिल्यांदा उभे राहिले तेव्हा त्यांच्या अंगावर कोरोझेनचा धागाही नव्हता. अंगात होता टेलकोट. समोर आणून ठेवली ती राजचिन्हे, तलवार आणि रत्न, दोन्ही डब्यांत बंद, आणि सोबत राज्याच्या मुद्रा. पुराणातल्या सूर्यदेवतेच्या वंशजाने पुराणातली तलवार स्वीकारली ती लंडन-पॅरिसच्या शिंप्यांनी ठरवलेल्या बेताचा कोट घालून. आणि तेही सकाळी. शिष्टाचाराच्या पुस्तकात या कोटाची वेळ संध्याकाळची दिलेली आहे. जपानने कोट घेतला, त्याचे घड्याळ तिकडेच राहू दिले.

हे झाले कसे? १८७२ मध्ये मेइजी सरकारने हुकूम काढला आणि अधिकाऱ्यांचा समारंभवेष पाश्चात्य झाला. जुना दरबारी पोशाख देवकार्यापुरता उरला. तेव्हापासून एक सोयीची वाटणी चालत आली आहे: देवासमोर लांब बाह्या, मंत्र्यांसमोर कोट. गंमत येते ती दोन्ही एकाच खोलीत आल्यावर. २२ ऑक्टोबरला सिंहासनावर सम्राट शेमला उभारून होते आणि खाली पंतप्रधान शिंझो आबे टेलकोटात. आबेंनी तीनदा ‘बान्झाई’चा घोष केला, बाहेर २१ तोफा झाल्या. एकाचे पुच्छ वर जाणारे, दुसऱ्याचे खाली. दोन वेगळ्या युगांनी एकमेकांना रीतसर मान दिला आणि कोणाला काही चुकल्यासारखे वाटले नाही.

टेलकोटाच्या शेपटीची उपपत्ती घोडेस्वारीत सांगतात: घोड्यावर बसताना पुढचे कापड आड येते म्हणून पुढचा भाग कापला, मागचा राहिला. घोडा गेला, तरी मागचा राहिलाच. १० नोव्हेंबर २०१९ ला मिरवणूक निघाली (ती २२ ऑक्टोबरलाच निघायची होती, पण हागिबिस वादळाच्या हानीमुळे पुढे ढकलली), तेव्हा खाली घोडा नव्हे, तर छप्पर काढलेली टोयोटा सेंच्युरी होती. १९९० साली त्यांचे वडील सम्राट आकिहितो यांच्या वेळी रोल्स-रॉइस होती, म्हणजे वाहनदेखील मधल्या काळात स्वदेशी झाले. टेलकोटातले सम्राट ४.६ किलोमीटर हात हलवत गेले. बसल्यावर कोटाचे पुच्छ कुठे जाते? शरीराखाली. अधःपुच्छाचे सारे तेज उभ्याने असते. बसल्याक्षणी राजा, राजदूत आणि लग्नातला बँडवाला एका पातळीवर येतात. म्हणूनच खरा दरबार उभ्याने होतो.

आता पुच्छशास्त्रातला सर्वांत अवघड पुरावा. २७ सप्टेंबर १९४५ रोजी सम्राट हिरोहितो टोकियोतल्या अमेरिकी वकिलातीत जनरल मॅकआर्थरना भेटायला गेले. त्या भेटीचा फोटो प्रसिद्ध आहे. सम्राट मॉर्निंग कोटात, म्हणजे गोल कापलेल्या पुच्छासकट, हात बाजूला सरळ ठेवून. जनरल खाकी शर्टात, गळ्याचे बटण उघडे, टाय नाही, हात कमरेवर. जपानच्या गृहखात्याने हा फोटो वर्तमानपत्रांत येऊ नये म्हणून बंदी घातली. विजेत्यांनी ती उठवली. पूर्वपक्ष म्हणेल, बघा, ज्याला पुच्छ त्याची हार आणि बिनपुच्छाचा जिंकला. तुमचा नियम खोटा. उत्तरपक्ष: पुच्छ हे सत्तेचे माप नाही, प्रतिष्ठेचे आहे. ज्याच्यापाशी सैन्य आहे त्याला पुच्छाची गरज नसते. ज्याच्यापाशी ते उरलेले नाही, त्याच्यापाशी पुच्छ असावेच लागते.

त्यानंतरचा इतिहास आपल्या एका म्हणीत मावतो. ३ मे १९४७ ला नवी राज्यघटना अमलात आली. सम्राट राष्ट्राचे प्रतीक झाले, सरदारांच्या पदव्या गेल्या, सैनिकी गणवेष गेला, साम्राज्य तर आधीच गेले होते. हत्ती गेला आणि शेपूट राहिले. आपण ही म्हण अर्धवट राहिलेल्या कामाला लावतो. जपानने सिद्ध केले की शेपूट नीट जपले तर त्यावर पाऊणशे वर्षे दरबार चालवता येतो.

४. भूपुच्छ

जमिनीवरून फरफटणाऱ्या पुच्छांत पुरुषांचे ‘क्यो’ आहे. दरबारी वेषाच्या आतल्या झग्याचा हा मागे निघालेला लांब शेव. जुन्या काळी त्याची लांबी हुद्द्याप्रमाणे ठरे. सम्राटांचा शेव आजही समारंभात मागून चालणारा सेवक उचलून धरतो. पण या विषयातले खरे पांडित्य बायकांच्या पोशाखात आहे.

९ जून १९९३ ला मासाको ओवादा युवराज नारुहितोंशी लग्नाला उभ्या राहिल्या तेव्हा आणि २०१९ मध्ये सम्राज्ञी म्हणून मिचोदाईत उभ्या राहिल्या तेव्हा त्यांनी जो वेष घातला त्याला जग जुनिहितोए म्हणते. आत लाल लांब हाकामा, वर एकेक करून झगे, त्यांत पाचांचा एक संच. मुळात हे थर वाढत वाढत इतके झाले होते की हेयान काळाच्या अखेरीस ते पाचांवर आणावे लागले. सगळ्यांवर आखूड कारागिनु, आणि मागे ‘मो’. एकूण वजन दहा किलोंच्या पुढे. हातात सुरूच्या वर्गातल्या हिनोकीच्या पातळ पट्ट्यांचा पंखा. केस तेलाने चापून, दोन्ही बाजूंना फुगवून मागे सोडलेले. म्हणजे मानेपासूनही एक पुच्छ निघते.

मो हे पुच्छशास्त्राचे मुकुटमणी आहे. फार पूर्वी हे कमरेभोवती पूर्ण गुंडाळायचे वस्त्र होते. शतकाशतकांत त्याचा पुढचा भाग मागे सरत गेला आणि शेवटी पाठीमागे बांधायचा, जमिनीवर पसरणारा, निऱ्यांचा पांढरा पडदा तेवढा उरला. डार्विनच्या मते प्राण्याचे शरीर टिकते आणि शेपूट गळते. दरबारात वस्त्राचे शरीर गळते आणि शेपूट टिकते.

हा वेष नेसवतात कसा ते जवळून पाहण्यासारखे आहे. नेसवणाऱ्या दोघी, एक पुढे आणि एक मागे. पुढची गुडघ्यांवर असते आणि नेसणारीच्या तोंडावर आपला श्वास जाऊ नये एवढी काळजी घेते. पहिला थर अंगावर येतो, गळपट्टीच्या कडा जुळवतात, कमरेला नाडी बांधतात. त्यावर दुसरा थर येतो, दुसरी नाडी बांधतात, आणि लगेच आतली पहिली नाडी ओढून काढतात. तिसऱ्या थरावर हीच पहिली नाडी पुन्हा बांधतात आणि दुसरी काढतात. दोनच नाड्या, आळीपाळीने. एक बांधायची, एक सोडवायची; थर वाढत जातात पण गाठी वाढत नाहीत. शेवटी मो बांधतात, त्याची बारीक नाडी पुढे आणून गाठ मारतात आणि त्याआधीची राहिलेली नाडीही ओढून घेतात. हाकामाचे बंध सोडले तर आता दहा किलोंहून जास्त रेशीम एका नाडीवर उभे आहे, आणि ती नाडी आहे पुच्छाची. ती सोडली की सगळे थर एकत्र उतरतात आणि त्यांतली बाई मोकळी बाहेर येते. कपडे तसेच उभे राहतात.

येथे आक्षेप येणारच. पुच्छ म्हणजे निरुपयोगी भाग, अशी तुमची व्याख्या. मग इथे तर पुच्छानेच सगळे धरून ठेवले आहे. आक्षेप जोरदार आहे आणि त्याचे उत्तर हाच या शास्त्राचा गाभा आहे. मो अंग झाकत नाही, ऊब देत नाही. त्या अर्थी ते बिनकामाचेच. पण ज्याला स्वतःचे काम नसते त्यालाच बाकीच्यांची कामे एकत्र बांधायला मोकळीक असते. घटनेतल्या प्रतीकरूपी सम्राटाचे वर्णन करायला कायदेपंडितांनी बरीच शाई खर्च केली. नेसवणाऱ्या दोघींपैकी एकीला विचारले असते तर तिने नाडी दाखवली असती.

भूपुच्छाचा दुसरा अवतार पाश्चात्य. १८८६ मध्ये दरबारी स्त्रियांच्या विलायती वेषाच्या पायऱ्या ठरल्या. सर्वांत वर ‘मांतो द कूर’, म्हणजे खांद्यापासून किंवा कमरेपासून मागे लांबवर पसरणारा झुलीसारखा शेव असलेला पोशाख. त्याखाली उघड्या गळ्याचा रोब देकोलते. दिवसाच्या कामांसाठी बंद गळ्याचा रोब मोंतांत. यावर कोणी म्हणेल की हे तर सरळ सरळ परकीय अनुकरण. मेइजी सम्राटांच्या पत्नी, शोकेन सम्राज्ञी, यांनी जानेवारी १८८७ च्या आपल्या पत्रकात या आक्षेपाला जे उत्तर दिले त्यापुढे आमच्या सगळ्या मीमांसा फिक्या आहेत. त्यांचे म्हणणे असे: प्राचीन जपानी स्त्रीला वरचे वस्त्र वेगळे आणि कमरेखालचे वेगळे असे, मधल्या युद्धांच्या काळात खालचे गेले आणि नुसता झगा राहिला. पाश्चात्य पोशाखात वरचे आणि खालचे वेगळे आहे. तेव्हा प्राचीन जपानी रीतीला किमोनोपेक्षा तोच जवळचा, शिवाय हालचालीला सोयीचा. म्हणून तो घालावा, मात्र कापड स्वदेशी वापरावे. एकाच दमात परंपरा, सुधारणा आणि स्वदेशी या तिन्ही पारड्यांत वजन टाकणारा असा युक्तिवाद न्यायशास्त्रातही विरळा. आणि तो नुसता कागदी नव्हता. १८७१ मध्ये त्यांनी राजवाड्याच्या आवारात रेशमाचे किडे पाळायला सुरुवात केली होती, आणि तेव्हा सुरू झालेले ते काम सम्राज्ञींकडे आजही आहे. कोइशिमारू ही बारीक धाग्याची देशी जात आकिहितोंच्या पत्नी, तेव्हाच्या सम्राज्ञी मिचिको यांनी आग्रहाने टिकवली, म्हणून तर शोसोइन भांडारातल्या आठव्या शतकातल्या कापडांची प्रतिरूपे विणायला योग्य रेशीम मिळाले.

५. अभावविचार

अभाव चार प्रकारचा, असे शास्त्र सांगते. चारही जपानी दरबारात आढळतात.

प्रध्वंसाभाव, म्हणजे होते ते नाहीसे होणे. मांतो द कूर युद्धानंतर गेला. रोब देकोलते राहिला आणि टिआरा राहिला. टिआराही पुढे अभावाच्या वाटेवर दिसला: साथीच्या काळात, २०२१ च्या नववर्षसमारंभात, राजघराण्यातल्या स्त्रियांनी तो घातला नाही. त्याच वर्षी नारुहितोंच्या कन्या, राजकन्या आइको वीस वर्षांच्या झाल्या. लोक हालात असताना नवा टिआरा नको, म्हणून त्यांनी आत्या सायाको कुरोदा यांचा उसना घेतला. राजकन्येचा नवा टिआरा दोन कोटी येनहून महाग पडतो, हे लक्षात घेता ही जगातली सर्वांत प्रतिष्ठित उसनवारी ठरावी.

प्रागभाव, म्हणजे अजून व्हायचे आहे ते. ६ सप्टेंबर २०२५ ला अकिशिनोंचे चिरंजीव राजपुत्र हिसाहितो यांचा काकान-नो-गि हा प्रौढत्वाचा संस्कार झाला. त्यांच्या वडिलांच्या १९८५ मधल्या संस्कारानंतर घराण्यात चाळीस वर्षांनी. ते आले तेव्हा कुशी न शिवलेला अल्पवयीनांचा फिकट झगा अंगात होता आणि डोक्यावर नुसती काळी पट्टी, माथा उघडा. ती काढून सेवकाने कानमुरी ठेवली, पांढरी दोरी हनुवटीखाली आणून बांधली, आणि मग कात्रीने गाठीबाहेरची टोके कापली. त्या शांत दालनात कात्रीचा आवाज स्पष्ट ऐकू गेला. राज्यारोहणात बान्झाई आणि तोफा. प्रौढत्वाला पुरली एक कात्री. पुढे राजपुत्र कुशी शिवलेला काळा, प्रौढांचा झगा घालून घोड्यांच्या बग्गीतून राजवाड्यातल्या मंदिरांकडे गेले. ज्या क्षणी एक पुच्छ डोक्याला मिळाले त्याच क्षणी दुसरे हनुवटीखाली कापले गेले, ही हिशेबाची बाब अभ्यासकांनी नोंदवावी.

अत्यंताभाव, म्हणजे मुळातच नसणे. १ मे २०१९ च्या त्या तलवार-रत्नाच्या समारंभात राजघराण्यातली एकही स्त्री नव्हती. १९८९ मध्ये आकिहितो गादीवर आले तेव्हाचा पायंडा तसा होता: घराण्यातले प्रौढ पुरुष तेवढे हजर राहायचे. सम्राज्ञीसुद्धा बाहेर. गादीचा वारस पुरुषच असावा या कायद्याची ती दालनातली पडछाया. मात्र मंत्रिमंडळ हजर असायचे होते आणि आबेंच्या मंत्रिमंडळात सात्सुकी कातायामा या एकमेव स्त्रीमंत्री होत्या, त्या होत्या. सर्वांत जड पोशाख ज्यांच्या वाट्याला येतो त्यांना त्या खोलीत जागा नव्हती, आणि निवडून आलेल्या बाईला होती. शास्त्रकारांनी या अधिकरणावर भाष्य लिहिलेले नाही. ते लिहिण्याची वेळ वारसाच्या प्रश्नाने जपानी संसदेवर आणली आहे.

अन्योन्याभाव, म्हणजे हे ते नव्हे. २२ ऑक्टोबर २०१९ च्या निमंत्रणात स्त्रियांसाठी लाँग ड्रेस, डे ड्रेस, पांढऱ्या गळपट्टीचा कुलचिन्हांकित किमोनो किंवा त्यांच्या तोडीचे काही, असे पर्याय दिले होते. सुमारे दोन हजार पाहुणे आले. भारताचे राष्ट्रपती रामनाथ कोविंद होते, भूतानचे राजा-राणी आपल्या देशी वेषात होते. पंतप्रधानांच्या पत्नीचा पांढरा ड्रेस गुडघ्याशी थांबत होता, आणि जपानी प्रसारमाध्यमांची नजर त्याच गुडघ्याशी थांबली. पूर्वपक्ष: भोवतालच्या बायका घोट्यापर्यंत झाकलेल्या, म्हणून हा औचित्यभंग. उत्तरपक्ष: निमंत्रणात डे ड्रेस हा शब्द आहे, आणि डे ड्रेस म्हणजे लाँग ड्रेस नव्हे. शब्दाचा आधार उत्तरपक्षाला, कापडाचा पूर्वपक्षाला. वाद अनेक दिवस चालला. त्या दिवशी सम्राटांच्या डोक्यावर ६० सेंटिमीटर कापड विनाकारण उभे होते, त्याचे कारण कोणी विचारले नाही. गुडघ्याखालच्या तेवढ्याच नसलेल्या कापडाचे कारण मात्र सगळ्यांना हवे होते.

६. निर्णय

सर्व पुराव्यांचा एकत्र विचार करता असे ठरते. पुच्छ जुने असायला हवे असे नाही. ८२० चा झगा १८६८ मध्ये नव्या कामाला लागला आणि १८७२ चा कोट आज तितक्याच गांभीर्याने वावरतो. ते स्वदेशी असायला हवे असेही नाही. अट एकच: ते एकट्याने सांभाळता येता कामा नये. शेव उचलायला सेवक हवा, नाडी ओढायला दोघी हव्यात, दोरी कापायला कात्रीवाला हवा, टिआरा द्यायला आत्या हवी. ज्या कपड्यात माणूस आपला आपण शिरू शकतो तो कितीही महाग असला तरी पोशाखच. ज्यात शिरायला आणि बाहेर यायला दुसरी माणसे लागतात तो समारंभ.

त्यावरून दरबारातली पदे ओळखण्याची रीत अशी सांगता येते. ज्याचे पुच्छ दुसरा सांभाळतो, तो राजा. ज्याला आपले पुच्छ आपणच सांभाळून बसावे लागते, तो पाहुणा. आणि जिला नसलेल्या पुच्छाबद्दल उत्तर द्यावे लागते, ती लोकनियुक्त पंतप्रधानाची बायको.